नफा छापता, मग ताळेबंदही छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत जगात नाव काढलेल्या भारतीय अर्थतज्ज्ञांवर पानभर लेख आला. अमर्त्य सेन आहेत, जगदीश भगवती आहेत, अभिजित बॅनर्जी आहेत, रघुराम राजनही आहेत. सर पार्थ दासगुप्ता मात्र नाहीत. जागा अपुरी पडली असेल म्हणून मी सोडून दिलं असतं. पण त्याच अंकाच्या पहिल्या पानावर महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरची कधी होणार, याची मोठी बातमी होती, बाण वर जाणाऱ्या आलेखासकट. आत ज्या माणसाला जागा मिळाली नाही, त्याने साठेक वर्षं या बाणाबद्दलच प्रश्न विचारले आहेत. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण आकड्यांना लावू नका.

मी सहकार खात्यातला निवृत्त लेखापरीक्षक. सोलापूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, एवढाच माझा मुलूख. विकास सोसायट्या, दूध संस्था, उपसा सिंचन योजना, अधूनमधून एखादा साखर कारखाना. अर्थशास्त्र मी कॉलेजात बी.कॉम.ला जेवढं शिकवलं तेवढंच शिकलो. दासगुप्तांची गणितं मला कळत नाहीत, तो आवही आणत नाही. पण त्यांचं म्हणणं कळायला किर्द-खतावणी येणं पुरेसं आहे.

दासगुप्तांचा जन्म १९४२चा, ढाक्याचा. वडील अमियकुमार दासगुप्ता ढाका विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत. त्याच विद्यापीठात अमर्त्य सेन यांचे वडील रसायनशास्त्र शिकवत. फाळणीच्या सुमारास अमियबाबू बनारस हिंदू विद्यापीठात आले, त्यामुळे मुलाची शाळा झाली वाराणसीत, राजघाटला. घरात अर्थशास्त्र असूनही मुलगा दिल्लीला जाऊन भौतिकशास्त्राची पदवी घेतो (१९६२), मग केंब्रिजला गणिताची (१९६५), आणि शेवटी १९६८ साली डॉक्टरेट करतो ती अर्थशास्त्रात, पुढे नोबेल मिळालेल्या जेम्स मिर्लीस यांच्याकडे. त्यानंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, काही वर्षं अमेरिकेत स्टॅनफर्ड, बाकी सगळी कारकीर्द केंब्रिज. तिथल्या ज्या अध्यासनावर ते १९९४ ते २०१० या काळात होते, त्याला फ्रँक रॅम्सी यांचं नाव आहे. हा रॅम्सी सव्विसाव्या वर्षी वारला. पण त्याआधी, १९२८ साली, देशाने किती खावं आणि किती शिल्लक टाकावी यावर त्याने एक निबंध लिहून ठेवला. पुढच्या पिढीचं सुख केवळ पुढे आहे म्हणून कमी मोजणं नीतीला धरून नाही, हे त्यात स्वच्छ म्हटलेलं आहे. दासगुप्तांचं पुढचं बरंचसं काम त्या शिल्लकेचंच आहे.

इथे एक कौटुंबिक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते आणि लेखात ती येणारच नव्हती. दासगुप्तांच्या पत्नी कॅरल या जेम्स मीड यांच्या कन्या. मीड म्हणजे १९७७च्या नोबेलचे मानकरी. पण त्यांचं त्याहून जुनं काम असं, की दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ साली, त्यांनी आणि रिचर्ड स्टोन यांनी मिळून ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब पहिल्यांदा नीट बसवला. युद्धाला पैसा किती लागेल आणि तो कुठून येईल, हे सरकारला हवं होतं. आज आपण ज्या आकड्याला जीडीपी म्हणतो, त्याच्या मांडणीत या दोघांचा वाटा मोठा. म्हणजे सासऱ्यांनी बेरीज बसवली, आणि तीत काय धरलंच गेलं नाही हे जावयाने जन्मभर दाखवलं. सासरा-जावयात यावरून काय बोलणी होत असतील, ऐकायला मजा आली असती.

असंच एक घर आपल्या पुण्यातही होतं. स्वतंत्र भारताचं राष्ट्रीय उत्पन्न मोजायला १९४९ साली जी समिती नेमली, तिच्यात महालनोबीस, व्ही. के. आर. व्ही. राव आणि तिसरे गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. आम्हा सहकारवाल्यांना धनंजयराव माहीत ते प्रवरानगरच्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष म्हणून. त्यांचे चिरंजीव माधवराव गाडगीळ यांनी २०११ साली पश्चिम घाटाचा अहवाल दिला, आणि घाटातल्या कुठल्या डोंगराला हात लावू नये ते सांगितलं. त्या अहवालाचं काय झालं ते आपल्या वाचकांना माहीत आहे. बापाने उत्पन्न मोजलं, मुलाने ज्यातून उत्पन्न येतं ते मोजलं. पहिलं काम शाळेच्या पुस्तकात गेलं, दुसऱ्यावर मोर्चे निघाले.

आता मुद्द्यावर येतो. नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद ही दोन वेगळी कागदपत्रं आहेत. पहिल्यात वर्षभरात काय आलं-गेलं ते दिसतं, दुसऱ्यात ३१ मार्चला संस्थेकडे काय उरलं ते दिसतं. कुठल्याही संस्थेचं नुसतं नफा-तोटा पत्रक बघून ती चांगली चालली आहे म्हणणाऱ्या लेखापरीक्षकाला खात्याने नोटीस दिली असती. जीडीपी हे नफा-तोटा पत्रक आहे, आणि तेही घसारा, म्हणजे वापराने झालेली झीज, न काढलेलं. त्यातला 'जी', म्हणजे 'ग्रॉस', तेवढंच सांगतो. ट्रॅक्टर झिजला तर निदान निव्वळ उत्पन्न काढताना तो वजा होतो. विहिरीची पातळी खाली गेली, नदीतली वाळू उपसली, रानातली माती वाहून गेली, तर ते कुठेच वजा होत नाही. उलट बोअर मारणाऱ्याचं बिल, वाळूच्या ट्रकचं भाडं, टँकरचा ठेका हे सगळं जमेला येतं. बैल विकून आलेल्या पैशाला त्या वर्षाचं उत्पन्न म्हणणारा शेतकरी मला भेटलेला नाही. राज्य मात्र दरवर्षी तसं म्हणतं.

दासगुप्तांनी हे सूत्रात बसवलं. देशाची संपत्ती तीन खात्यांत मांडा: माणसाने बांधलेली (रस्ते, यंत्रं, इमारती), माणसातली (शिक्षण, आरोग्य, कसब) आणि निसर्गातली (माती, पाणी, जंगल, मासे, हवा). तिन्हींची दरडोई बेरीज वाढत असेल तर देश पुढे चालला आहे, घटत असेल तर मागे. मग उत्पन्नाचा आकडा काहीही म्हणो. ब्रिटनच्या अर्थखात्यासाठी त्यांनी लिहिलेल्या २०२१च्या अहवालात (त्याबद्दल पुढे सांगतो) सगळ्या जगाचा असा ताळेबंद दिलेला आहे. १९९२ ते २०१४ या काळात दरडोई बांधीव भांडवल दुप्पट झालं. माणसातलं भांडवल साधारण १३ टक्क्यांनी वाढलं. निसर्गातलं जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलं. माझ्या हाताखाली असा ताळेबंद आला असता तर मी पहिला प्रश्न विचारला असता, की या संस्थेने मालमत्ता विकून लाभांश वाटला आहे का.

माझ्या नोकरीतलं एक उदाहरण देतो. संस्थेचं नाव देत नाही, ती आता अवसायनातही निघून गेली. नदीकाठची उपसा सिंचन योजना होती. पंप, स्टार्टर, पाइपलाइन, जॅकवेल, सगळ्याला घसारा लावलेला. मुदती कर्जाचे हप्ते वेळेत, येणेबाकी थोडी, हिशेब इतके स्वच्छ की 'अ' वर्ग द्यावा. फक्त नदीला उन्हाळ्यात पाणी राहत नव्हतं, दरवर्षी थोडं आधी आटत होतं, कारण वरच्या अंगाला तशाच योजना झाल्या होत्या आणि सगळ्यांचा ऊस होता. ज्या एका मालमत्तेवर अख्खी संस्था उभी होती, ती ताळेबंदात नव्हतीच. मी वरिष्ठांना विचारलं, हे कुठे लिहू? ते म्हणाले, तक्त्यात रकाना नाही, शेरा लिहा. शेरा लिहिला. शेरे कोण वाचतं!

आणखी एक. सहकारी संस्थेने निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकलाच पाहिजे, असा आपल्या महाराष्ट्राचा कायदा आहे, कलम ६६. गावातल्या छोट्या संस्थेला ही शिस्त आहे. भूजलातून दरवर्षी एवढं कमावणाऱ्या राज्याने भूजलात परत किती टाकलं, हे विचारणारं कलम कुठे आहे?

दासगुप्तांना काही जण झाडा-पक्ष्यांचा अर्थतज्ज्ञ समजतात. ते चूक आहे. ते निसर्गाकडे आले ते गरिबीच्या वाटेने. कुपोषण आणि रोजगार यांवर त्यांनी देवराज राय यांच्याबरोबर १९८६-८७ साली जे लिहिलं, त्यातला मुद्दा साधा होता: ज्याच्याकडे जमीन नाही त्याला पोटभर मिळत नाही, पोटभर नाही म्हणून काम उरकत नाही, काम उरकत नाही म्हणून मजुरी नाही. मग त्यांनी विचारलं, की या माणसाकडे जमीन नसताना तो इतकी वर्षं जगला कशावर? उत्तर निघालं गायरान, ओढा, तळं, सरपण, माळावरचं गवत यांवर.

आणि या उत्तराचा आपल्या भागाशी थेट संबंध आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने १९७५ पासून कोरडवाहू भागातल्या काही गावांचा घरोघरचा हिशेब ठेवायला सुरुवात केली. त्यात सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण होती, अकोला जिल्ह्यातलीही गावं होती. तिथे काम करणारे नरपत जोधा यांनी पुढे सात राज्यांतल्या ऐंशीवर गावांच्या सामायिक जमिनींचा अभ्यास केला. गरीब घरांच्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा या सामायिक जमिनींतून येतो, असं त्यांना आढळलं. आणि १९५० नंतरच्या तीस वर्षांत या जमिनी कुठे एक तृतीयांशाने तर कुठे निम्म्याने घटल्या, हेही. दासगुप्तांनी जोधांचे हे आकडे केंब्रिजला नेले आणि आपल्या पुस्तकांतून, लेखांतून पुन्हा पुन्हा मांडले. आमच्या माळरानावरच्या शेळ्यांचा हिशेब तिकडच्या प्राध्यापकांना तोंडपाठ, आणि इकडे गायरानाचा सातबारा शोधायला गेलं तर तलाठी म्हणतात, साहेब, त्यावर अतिक्रमण आहे, उगाच कशाला काढता.

१९९५ साली त्यांनी यावर सामान्य वाचकांसाठी एक लेख लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं, की पाणी आणि सरपण लांब गेलं की घरात जास्त हात लागतात, म्हणून जास्त मुलं होतात, जास्त मुलं झाली की ओढा आणि माळ आणखी ओरबाडला जातो, आणि त्या मुलांत शाळा सुटते ती मुलीची. दुष्काळात हंडा घेऊन उभी असलेली पोर आपण दर एप्रिलमध्ये पान तीनवर छापता. तिचे ते तास कुठल्याच उत्पन्नात मोजलेले नसतात.

लेखापरीक्षक म्हणून माझी त्यांच्यावर भक्ती बसली ती मात्र दुसऱ्याच प्रसंगाने. २००६ साली ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी हवामानबदलाचा अहवाल लिहिला. ताबडतोब पावलं उचला, असा निष्कर्ष. दासगुप्तांचंही मत तेच. तरीही त्यांनी स्टर्न यांच्या गणितातल्या गृहीतकांवर जाहीर टीका केली. हीच गृहीतकं एका साध्या अर्थव्यवस्थेला लावून बघा, त्यांनी म्हटलं, आजच्या माणसाने उत्पन्नाच्या साडेसत्त्याण्णव टक्के बचत करायला हवी असं उत्तर येतं, आणि ते हास्यास्पद आहे. निष्कर्ष आपल्या बाजूचा आहे म्हणून बेरीज तपासायची सोडली नाही. ऑडिटला जाणाऱ्या प्रत्येक पोराला हे शिकवायला हवं. चेअरमन ओळखीचा निघाला की आमच्यातल्या भल्याभल्यांचा चष्मा खिशात जातो.

पुढे त्यांच्यावरच तसं काम आलं. ब्रिटनच्या अर्थखात्याने २०१९ साली जैवविविधतेच्या अर्थशास्त्राचा अहवाल मागवला आणि तो २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला, सहाशे पानांचा, डेव्हिड ॲटनबरो यांच्या प्रस्तावनेसह. मी संक्षिप्त आवृत्ती वाचली आहे, पुतणीने छापून दिलेली. पर्यावरणखात्याने नव्हे, अर्थखात्याने असा अहवाल मागवला, ही त्यातली बातमी. निसर्ग ओरबाडायला जगभरची सरकारं अनुदानांच्या रूपाने वर्षाला चार ते सहा लाख कोटी डॉलर खर्च करतात, असा अंदाज त्यात आहे. खतं, इंधन, वीज, पाणी, मासेमारी, सगळं धरून. आपल्याकडे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून वीजबिल माफ आहे. माझ्या शेतातला पंपही त्याच योजनेत आहे आणि बिल आलं नाही की मलाही बरं वाटतं. पण त्या माफीचा खर्च आपण राज्याच्या तिजोरीत तरी मांडतो. तिच्यामुळे जास्तीचं जे पाणी उपसलं जातं, ते कुठे मांडतो? राज्यात पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांच्या आसपास ऊस आणि सिंचनाचं पाणी सत्तर टक्क्यांच्या आसपास त्याला, ही कृषिमूल्य आयोगाची आकडेवारी आपणही छापली आहे. पण उसाचं विक्रमी गाळप झालं, ती बातमी वेगळ्या पानावर, वेगळ्या दिवशी आणि पेढ्यांच्या फोटोसह येते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि आमच्या वाचनालयातल्या मित्राने तो घेतलाच: निसर्गाची किंमत काढली की तो विकायला मोकळा. या आक्षेपात तथ्य आहे. तिकडच्या पर्यावरणवाद्यांनीही दासगुप्तांवर तो घेतला. माझं म्हणणं एवढंच, की आज त्याची किंमत शून्य धरली जाते, आणि शून्याला तो रोज विकला जातोच आहे. शिवाय दासगुप्ता सगळंच किमतीवर सोपवत नाहीत. निसर्ग मूक आहे, अदृश्य आहे आणि एका जागी थांबत नाही, म्हणून बाजाराला आणि कायद्यालाही तो पकडता येत नाही, हे त्यांनीच लिहिलं. पवित्र मानलेल्या निसर्गाचाही त्यांनी विचार केला आहे, आणि मुलांना शाळेपासून निसर्ग शिकवा, म्हणजे कुणी बघत नसतानाही ती जपून वागतील, असंही सुचवलं आहे. सह्याद्रीतल्या देवरायांचा हिशेब गावाने कधी कागदावर ठेवला नाही तरी त्या टिकल्या. पण देवाची भीती गेली आणि रकानाही नाही, अशा अवस्थेत आपण आहोत.

मानसन्मानांबद्दल थोडक्यात: २००२ साली ब्रिटनच्या राणीकडून 'सर' किताब, त्याच वर्षी स्वीडिश मित्र कार्ल-योरान मेलर यांच्याबरोबर व्होल्वो पर्यावरण पुरस्कार, २०१६ साली टायलर, २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन ऑफ द अर्थ'. नोबेल नाही. २०१८ साली हवामानाच्या अर्थशास्त्रासाठी ते विल्यम नॉर्डहाउस यांना मिळालं, तेव्हा दासगुप्तांचंही नाव बरोबर असायला हवं होतं, असं माझं मत आहे. मला पुरस्कारांपेक्षा त्यांनी आणि मेलर यांनी काठमांडूत उभारायला हातभार लावलेलं सँडी हे जाळं मोठं वाटतं. दक्षिण आशियातल्या तरुण अर्थतज्ज्ञांना तिथे शिकवायचं, छोट्या अभ्यासांना पैसे द्यायचे आणि दर बैठकीत त्यांचे निबंध फाडून परत शिवायचे, हे काम दोघांनी वर्षानुवर्षं केलं.

आता आपल्याकडे मागणं. २०१३ साली केंद्र सरकारने नेमलेल्या दासगुप्तांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने भारताचा हरित राष्ट्रीय हिशेब कसा ठेवावा, याचा आराखडा दिला. तो पूर्णपणे अमलात आलेला नाही. पण केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून जंगल, जमीन, पाणी, खनिजं यांचे हिशेब 'एन्व्हिस्टॅट्स' या नावाने प्रसिद्ध करतं आणि त्यात राज्यवार तक्तेही असतात. म्हणजे रकाना अर्धामुर्धा का होईना, झाला आहे. येत्या मार्चमध्ये अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी राज्याची आर्थिक पाहणी येईल आणि वाढीचा दर आपल्या पहिल्या पानावर येईलच. त्या चौकटीशेजारी तेवढ्याच आकाराची दुसरी चौकट द्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींतली पाणीपातळी गेल्या वर्षीच्या तुलनेत किती, जंगल किती, पडीक झालेली जमीन किती, आणि प्रत्येक ओळीसमोर आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक. तक्ता कसा आखायचा हे आपल्या डेस्कवर कुणाला ठाऊक नसेल तर मी आखून पाठवतो. मानधन नको, दोन अंक टपालाने पाठवले तरी चालेल, इकडे दुपारच्या एसटीने येणारा अंक बऱ्याचदा ओला असतो.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक
(ता. बार्शी, जि. सोलापूर)